एकसष्ट नंबरच्या गोट्याखाली

पांढुर्णा,
ता. ६ एप्रिल १९८६

प्रिय पमा,

सप्रेम जय भीम. उत्तराला फार उशीर झाला. त्याची माफी पहिल्याच ओळीत मागून घेतो, कारण पुढे आणखी एक मागायची आहे. तुझी तीन पत्रं आली. पहिलं फेब्रुवारीच्या शेवटी, दुसरं होळीच्या चार दिवस आधी आणि तिसरं परवा शुक्रवारी. तिसऱ्यात तू दोनच ओळी लिहिल्या, की बाबा, तब्येत बरी नाही का, हात चालत नसेल तर कोणाकडून लिहवून घ्या. ते वाचून मला माझीच लाज वाटली. तब्येत बरी आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राहिला, पण डावा चांगला आहे, आणि खांदा जुनाच दुखणेकरी आहे, त्याचं काय. उशीर तब्येतीनं झाला नाही. मी दोनदा अंतर्देशीय आणला, दोन्हीवर तुझ्या होस्टेलचा पत्ता लिहिला आणि दोन्ही फाडले. तुझी आई म्हणाली, ‘पोष्टवाल्याचं घर चालवून राहिले का तुम्ही?’ आता हे वहीची पानं फाडून लिहून राहिलो, लिफाफ्यात घालीन. वजन जास्त होऊन तुला दंड तर पडणार नाही ना, ही एक काळजी आहेच.

तू मागितलं ते काही मोठं नव्हतं. एक पान. मागच्या पोळ्यापासून डिसेंबरपर्यंत एकसष्ट नंबरच्या गोट्याखाली कातीण, तुझ्या पुस्तकातला कोळी, आपल्या अंड्यांवर बसलेली मी कोणकोणत्या रात्री पाहिली, ते माझ्या हातानं लिहायचं आणि खाली सही करायची. वहीत ऐंशी दिवस लिहिलेले आहेत. जमिनीवर फिरणाऱ्या जातीतली कोणतीच कातीण इतके दिवस अंडी राखताना तुला शिकवणाऱ्या बाईंनी पाहिली नाही, वाचलीही नाही. म्हणून दहा मेला पुण्याच्या सभेत तू तेच वाचणार, आणि बाई म्हणतात की उदाहरण एकच आहे, तेव्हा पाहणाऱ्याच्या हातचा कागद सोबत पाहिजे. तू लिहिलं की तुझ्या नावाखाली माझंही नाव छापून येईल, सुखदेव बागडे, पांढुर्णा. चौथी पास माणसाचं नाव. ते पत्र मी तुझ्या आईला तीन वेळा वाचून दाखवलं. चौथ्यांदा ती म्हणाली, वाचा ना, तेव्हा मी चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं. चष्मा खिशात होता.

आधी मला आपण सुरुवात कशी केली ते लिहू दे. एकदम मुद्द्यावर आलो तर मी हाही कागद फाडीन. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये तू आलीस आणि म्हणालीस, बाबा, तुम्ही रात्रभर जागलीला बागेत असताच, तर माझं एक काम करा. बत्तीस वर्षं मी रघुनाथरावांच्या संत्र्यांची राखण केली. रात्री चोर, डुक्कर आणि साप याशिवाय काही पाहायचं असते हे मला माहीत नव्हतं. पहिल्या रात्री मी बागेच्या धुऱ्यावर, बांधाला बॅटरी मारली तर गवतात हिरवे ठिपकेच ठिपके चमकले. मी म्हणालो, घे, एका फेरीत शंभर सापडल्या. तू हसलीस. म्हणालीस, हे चमकणारे डोळे दुसऱ्या जातीचे. आपल्याला पाहिजेत त्या बॅटरीला असा जबाब देत नाहीत. त्यांना गोटा उचलूनच भेटावं लागते.

मग तू मला शिकवलंस. या कातिणी जाळं विणत नाहीत आणि सावज येईल म्हणून बसून राहत नाहीत. दिवसा गोट्याखाली, सालीखाली रेशमाची पिशवी करून तीत झोपतात, आणि अंधार पडला की पायी निघतात, एकेकट्या. बुडाशी दोन बारीक नळ्या असतात. किडा अंगापेक्षा मोठा असला तरी भीत नाहीत, त्याच्याभोवती फिरून त्या नळ्यांतला चिकट धागा त्याच्या पायांना नि तोंडाला फासतात, आणि मग दात लावतात. मी हे तुझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘घरात एक रातपाळीवाला होता तो पुरे नव्हता का, आणखी कायले आणून राहिले.’

इंग्रजी नावं माझ्या जिभेवर चढेनात. तू म्हणालीस, तुम्हाला वाटेल ते नाव द्या, मी पुढे माझं लिहून घेईन. करड्या, उंदरासारख्या मऊ अंगाच्या जातीला मी उंदरी म्हणालो. दुसरी काळी कुळकुळीत, ओल्या डांबरासारखी, ती डांबरी. पाठीवर चार पांढरे ठिपके घेऊन धावणारी चारठिपकी. आणि ती एक, मुंग्यांच्या रांगेच्या बाजूनं मुंगीसारखीच चालत जाते आणि त्यांच्यातलीच एक उचलून नेते, तिला मी पाहुणी म्हणायचो. पहिल्या वर्षाअखेर माझ्या हिशेबानं एकोणीस जाती झाल्या होत्या. बाईंनी भिंगाखाली पाहून अकराच म्हणून सांगितल्या, कारण नर आणि मादी मी वेगळ्या जाती धरल्या होत्या. मला वाईट वाटलं, पण तू म्हणालीस, एका पडीताच्या तुकड्यात अकरा म्हणजे कमी नाहीत बाबा, लोक याच्यावरून चालत जातात आणि त्यांना एकही दिसत नाही.

डांबरी अंडी घातली की गोट्याला त्यांची गुलाबी चकती चिकटवते, वरून माती सारवते आणि निघून जाते. उंदरी जात नाही. पांढऱ्या चकतीवर पाय पसरून बसते, खाणं-पिणं सोडून, पिल्लं बाहेर येईपर्यंत. मी विचारलं होतं, मग चांगली आई कोणती? तू म्हणालीस, दोघींचीही पिल्लं जगतात. तुझी आई चुलीपाशी होती, तिथून म्हणाली, ‘म्हणजे मी उंदरी अन् तुहा बाप डांबरी.’ आपण किती हसलो होतो. पोरगी मोठी होत असताना मी एकही रात्र घरी नव्हतो, हे तिनं हसण्यावारी नेलं, पण मला ते लागलं होतं. या वहीमुळे तुझ्या रात्रीच्या कामात तरी मी आहे, असं मला वाटायचं.

गोटे तूच निवडलेस. नदीकाठच्या पडीतातले बहात्तर. मी म्हणत होतो मोठे घे, मोठ्याखाली वस्ती जास्त. तू म्हणालीस, नाही, तुमचा एक खांदा कामाचा नाही आणि दुसऱ्या हातात कंदील राहील. एका हातानं उचलता आला पाहिजे, बुडाशी चपटा, पंज्यात मावेल असा. एकेक गोटा उचलून तू माझ्या हातात देऊन पाहिलास, लहान पोराला चप्पल घालून पाहतात तसा. मग पांढऱ्या रंगानं नंबर घातले. तुझा सहाचा आकडा पोटाशी गाठ घेतो, तो मी कुठेही ओळखीन. हे मी उगाच लिहीत नाही, पुढे लागेल.

आणि तुझे नियम. आठवड्यातून तीन रात्री. लिहायचं ते तिथंच, कंदिलाजवळ, घरी येऊन नाही. अंडी असलेला गोटा आठवड्यातून एकदाच उचलायचा आणि एकाच माणसानं, नाहीतर आई चकती सोडून जाईल. आणि पहिल्या पानावर तू स्वतः लिहिलंस: दिसलं ते लिहा, नाही दिसलं तर शून्य लिहा. मी म्हणालो, शून्य काय लिहायचं, काही नव्हतं तर नव्हतं. तू म्हणालीस, शून्य पण नोंदच असते बाबा.

इकडची खबर म्हणजे मृगाचा बहार उतरला, माल नागपूरला गेला. शेजारच्या शालिकरामच्या शेळीला दोन करडं झाली, एक तुझ्या आईच्या पदरामागं फिरते. तिचे गुडघे दुखतात पण ती दवाखान्याचं नाव काढू देत नाही. तुझ्या खोलीतला स्टोव्ह भडकतो म्हणून तू लिहिलं होतंस, तो बदलला का? केस मोकळे सोडून स्टोव्हजवळ बसत जाऊ नको. पुण्याला गाडीनं जाशील तेव्हा ट्रंकेला साखळी लाव.

आता पोळ्याचं लिहितो.

गोटमार तुला नवीन नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळस रोवून झेंडा बांधतात, आणि या काठावरून पांढुर्णा, त्या काठावरून सावरगाव, दिवसभर एकमेकांना गोट्यांनी झोडपतात. तू सात वर्षांची असताना मी तुला खांद्यावर बसवून दाखवायला नेलं होतं. एकाचं डोकं फुटलेलं पाहून तू माझे केस घट्ट धरलेस. घरी येताना विचारलंस, बाबा, इतके गोटे येतात कुठून? मी म्हणालो, नदीतून. नदीतले पुरत नाहीत. आदल्या दिवशी शेतांतून भरून आणतात.

मागच्या पोळ्याला सकाळी रघुनाथरावांचा पुतण्या वसंत आपल्या पडीतात आला. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून ट्रॅक्टरची ट्रॉली होती आणि शालिकराम ती चालवत होता. ट्रॉली भरली आणि गोटे गेले. बहात्तरांतले एकोणसत्तर. जिथं गोटा होता तिथं गवतात पिवळट गोल जागा राहिली, तशा एकोणसत्तर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शालिकराम डोक्याला पट्टी बांधून आला, सात टाके, आणि हसून राहिला. पिशवीतून एक गोटा काढून माझ्यापुढं ठेवला. ‘सुखदेवभाऊ, हा तुमच्या घरचा. सावरगाववाल्यानं वापस धाडला. नंबर होता म्हणून वळखला, नाहीतर कोणाचा कोण.’ चव्वेचाळीस होता. खालच्या बाजूला पिशवीचं फाटकं रेशीम अजून चिकटलेलं होतं. मी त्याला चहा दिला आणि रात्री एकटाच तो गोटा घेऊन बसलो.

तुला त्याच रात्री लिहायला पाहिजे होतं. एका पोस्टकार्डाचं काम होतं. पण मी काय विचार केला ते सांगतो, हसू नको. मला वाटलं, दुसऱ्या वर्षाचं काम मोडलं म्हणून तुझी स्कॉलरशिप बंद करतील. मग होस्टेल सोडायला लावतील. मग तू ट्रंक घेऊन पांढुर्ण्याच्या स्टेशनावर उतरशील आणि लोक म्हणतील, शिकायला गेली होती ना बागड्याची पोरगी. हे सगळं एका रात्रीत माझ्या डोक्यात होऊन गेलं. दुसऱ्या रात्री मी पोतं घेऊन नदीच्या वरच्या अंगाला गेलो. चार रात्रींत तसलेच गोटे वेचून आणले. गोठ्यात बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग होता, त्यानं नंबर घातले आणि तुला लिहिलं की पावसानं रंग उडाला म्हणून पुन्हा मारला. तुझं उत्तर आलं, बाबा, तुम्ही किती काळजी घेता.

नव्या गोट्यांखाली काही नव्हतं. कुठून असणार? पहिल्या रात्री मी कंदील घेऊन एकोणसत्तर वेळा वाकलो आणि एकोणसत्तर वेळा रिकामी माती पाहिली. एकही शून्य लिहिलं नाही. बागेतल्या खोपडीत येऊन बसलो, मागच्या आठवड्याची पानं उलटली, आणि इकडची उंदरी तिकडे, तिकडची डांबरी इकडे करून पान भरून टाकलं. त्याच कंदिलाजवळ बसून. पुढं सोपं होत गेलं, हेच वाईट. दिवाळीनंतर काही गोट्यांखाली खरोखरच नव्या येऊन राहू लागल्या, तशी मी खरं लिहीत गेलो. डिसेंबरच्या दहा तारखेपासून पुढचं सगळं खरं आहे, त्यावर तू विश्वास ठेव. पोळा ते दहा डिसेंबर खोटं आहे. त्या पानांवर चारठिपकीचं मोजमाप असेल, पाहुणी असेल, सगळं काढून टाक.

धम्मचक्र दिनाला आपण दीक्षाभूमीवर भेटलो आणि तिथून तू दोन दिवस घरी आलीस, तेव्हा मला ताप भरला होता, तो तापच होता की भीती हे मला अजून कळलं नाही. संध्याकाळी तू पडीतात गेलीस, मागं मागं मी. तू लाल आकडे पाहत पाहत एकसष्टपाशी बसलीस आणि हात पुढं केलास. मी म्हणालो, पमा, अंड्यांवर आहे ती, आठवड्याचं उचलणं परवाच झालं, आणि एकाच माणसाचा हात, तुझाच नियम आहे. तू हात मागं घेतलास. म्हणालीस, बरोबर आहे बाबा, मीच विसरले. आणि गोट्याजवळ तोंड नेऊन हळू म्हणालीस, बस बाई, बस. त्या गोट्याखाली काही नव्हतं. मी तुझ्या नियमानंच तुला फसवलं. दोन वर्षांत तू माझ्यावर एकदाही संशय घेतला नाहीस, आणि तो एक क्षण मला सगळ्यात जास्त टोचून राहिला.

आता तू विचारशील, बाकीच्या मनाला येईल तशा हलवल्या, तर एकसष्टचीच ऐंशी दिवस का बसवून ठेवली? महिन्याभरात पिल्लं निघतात हे मला माहीत होतं. तिथं ‘रिकामं’ असं लिहून टाकलं असतं तर कोणाचं लक्षही गेलं नसतं, आणि तू पुण्याला निघाली नसतीस. याचं उत्तर द्यायचं तर वर एक गोष्ट मी नीट लिहिली नाही, ती दुरुस्त करावी लागेल. मी लिहिलं की ट्रॉली भरली आणि गोटे गेले. गोटे गेले नाहीत, मी दिले. ट्रॉली मीच भरली.

कोणी जबरदस्ती केली नाही. वसंत मला तिसावर वर्षं झाली ‘ए सुखदेव’ म्हणतो, तो लहान होता तेव्हापासून. त्या दिवशी तो ट्रॉलीवरून उतरला आणि म्हणाला, ‘काका, नदीतले गोटे सारे गुळगुळीत हाये, हातात रायत नाही. तुमच्या नजरंत चांगले असन तर द्या.’ काका म्हणाला. आणि शालिकरामनं किटलीतून चहा ओतला तेव्हा वसंतनं सगळ्यांच्या कपांतला एक कप उचलून माझ्या हातात दिला. माझा कप जांबाच्या झाडाच्या खाचेत वेगळा ठेवलेला असतो हे तुला माहीत आहे. नऊ वर्षांची असताना तो तू जाणून फोडला होतास आणि मी तुलाच मारलं होतं, मालक काय म्हणतील म्हणून. त्या दिवशी मी सगळ्यांच्यातल्या कपानं चहा प्यालो आणि मला बरं वाटलं. एक शब्द बोललो असतो, की हे माझ्या पोरीच्या कामाचे गोटे आहेत, दुसरीकडचे देतो, तर वसंतनं ऐकलं असतं. तो तसा वाईट नाही. पण काका म्हणून घेतल्यावर नाही म्हणणं माझ्यानं झालं नाही. आणि चांगले गोटे कोणते हे मला पाठच होतं. एका हातानं उचलता येईल, चपटा, पंज्यात मावेल असा. जो उचलायला बरा, तोच फेकायला बरा. तू माझ्या खांद्यासाठी निवडले होतेस, मी एकेक करून दिले.

एकसष्ट मी बाजूला ठेवला होता. पोळ्याच्या नऊ दिवस आधी त्याच्याखाली उंदरीनं चकती केली होती, ती नोंद खरी आहे. वसंत म्हणाला, ‘काका, तो कायले मांगं ठेवला? तोच तर हातात बसते.’ मी उचलला. खालची बाजू वर आली तर ती चकतीवर पाय पसरून बसलेली. दिवसाच्या उजेडात या कातिणी क्षणभर थांबत नाहीत, हे आपण कितीदा पाहिलं. ही थांबली. मी गोटा ट्रॉलीत ठेवला, तिची बाजू वर करून, जणू तेवढ्यानं माझं काही पुण्य राहणार होतं. ट्रॅक्टर सुरू झाला, सगळे गोटे खडखडले. मी नदीच्या वळणापर्यंत पाहत राहिलो. ती उतरली नाही. मग वहीत तिला उठवायचं माझ्या हातानं होईना. दर आठवड्याला पेन टेकवायचो आणि ‘बसून आहे’ हेच यायचं. ऐंशी दिवस ती गोट्याखाली बसली नव्हती, पमा, माझ्या वहीत बसली होती. आणि तू त्याला नवीन शोध समजून आनंदानं मला पत्र लिहिलंस.

ते पहिलं पत्र आल्यावरच मी हे लिहायला पाहिजे होतं, पण तुझ्या हातातलं खोटं काढून घेताना बदल्यात द्यायला माझ्याकडं काहीच खरं नव्हतं. म्हणून मी नदीत उतरलो. जाम आता डबक्यांपुरती उरली आहे, पात्रात गोटेच गोटे. रोज सकाळी जागलीवरून घरी न जाता तिकडे जायचो. बारा मार्चला झेंड्याच्या जागेपासून थोडं खाली मला अर्धा फुटलेला एक गोटा सापडला. पांढऱ्या रंगाचा सहा, पोटाशी गाठ घेतलेला. खाली उंदरी होती, चकतीवर बसलेली. तीच नाही, हे मला कळते, पण मी तिथंच वाळूत बसून राहिलो. तेव्हापासून तिथं जागल केली. गोटा आठवड्यातून एकदाच उचलला, बाकीच्या रात्री फटीतून पाहिलं. माझा उजवा डोळा कामाचा नाही म्हणून कंदील घेऊन तुझी आई सोबत आली, दुखत्या गुडघ्यांनी, आणि तिनं डोकावून सांगितल्याशिवाय मी एकही ओळ लिहिली नाही. तीन एप्रिलच्या रात्री चकती फाटलेली होती, पिल्लं गेली होती, उंदरी वाळून हलकी झाली होती पण जिवंत होती. त्याची पानं सोबत जोडली आहेत. आता तुला पाहिजे होता तो कागद. मी, सुखदेव बागडे, राहणार पांढुर्णा, शिक्षण चौथी, लिहून देतो की पोळ्यानंतर एकसष्ट नंबरच्या गोट्याखाली मी कातीण एकही रात्र पाहिली नाही. शून्य. नदीतल्या फुटक्या गोट्याखाली अंड्यांवर बसलेली पाहिली ती बावीस रात्री, तेविसाव्या रात्री पिल्लं गेलेली. मी पाहण्याआधी ती किती दिवस बसली होती ते मला माहीत नाही. तो गोटा एकसष्टचा असेलही, पण सहाच्या पुढचा आकडा फुटून गेला आहे, म्हणून तसं मी लिहीत नाही. हे बाईंना वाचून दाखव आणि सांग की यात पोरीचा दोष नाही. माझं नाव कुठंही छापू नको. दहा मेला अजून महिना आहे, म्हणून तुला हात जोडून सांगतो, हे पत्र मिळाल्याबरोबर कळव. पोस्टकार्डावर एक ओळ चालेल. रागावली असशील तर तसं लिही, मी आईला वाचून दाखवीन, चष्मा सापडत नाही म्हणणार नाही. आणि लिहायला काहीच सुचलं नाही तर पत्ता घालून आत नुसतं शून्य काढून पाठव, पण लवकर पाठव.

तुझाच,
बाबा